ड्रायव्हरला मराठी समजत नाही

इंदूरच्या मराठी माणसाला एक मोठी सोय आहे. साडीच्या दुकानात भाव पाडायचा असो, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या अकलेबद्दल त्याच्याच समोर शंका काढायची असो, की रिक्षात बसून घरातली उणीदुणी काढायची असोत, तो आवाज जरासुद्धा खाली आणत नाही. हिंदी सोडून मराठीत शिरतो, की झालं. आता या शहरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी कानांवर पडून भाजीवाल्यालाही 'हा मेला फार महाग देतो' एवढं कळतं; पण आपल्या माणसांचा भरवसा काही ढळत नाही. याच भरवशावर वसुंधराबाई त्या रविवारी नवऱ्याला आणि मुलाला घेऊन हातोदला मुलगी बघायला निघाल्या होत्या, आणि गाडी चालवायला बसली होती इरावती.

बसला होता, असं म्हणायला हवं. त्या दिवशी तिचं नाव शाम होतं.

इरावती मूळची साताऱ्याची. बारावीच्या वर्षी आई गेली, पुढं शिकून ती केमिस्ट झाली आणि चार वर्षांपूर्वी पीथमपूरच्या एका औषध कंपनीत नोकरीला लागून इंदूरला आली. जुनी इंदूर या भागात एक खोली भाड्यानं घेतली. बँकेत खातं उघडायला गेली, तिथं टेबलापलीकडे यशोधन बसलेला होता. राजेंद्र नगरचा, जुन्या मराठी घरातला मुलगा, बोलायला असा मऊ की फॉर्म चुकला तरी आपलंच चुकलं असं समोरच्याला वाटावं. इरावतीचं काळीज तिथंच गेलं. पुढची तीन वर्षं दोघं भेटत राहिले आणि लग्नाचा विषय निघाला की यशोधन दरवेळी दोनच शब्द म्हणत राहिला.

"थोडं थांब."

आई जुन्या वळणाची आहे, तिला बाहेरगावची मुलगी चालणार नाही, मी तिला हळूहळू तयार करतोय, घाई केली तर सगळं बिघडेल. इरावती थांबली. एकदा मात्र न राहवून तिनं विचारलं होतं, "आणि तोवर त्यांनी दुसरी मुलगी दाखवली तर?"

"तोंडावर नाही म्हणेन. तुझी शपथ."

त्या एका 'नाही'च्या खुंटीला तिनं आपला सगळा संसार टांगून ठेवला होता.

शुक्रवारी कंपनीच्या गाडीतून परत येताना ड्रायव्हर देवेंद्र कुरकुरायला लागला. तो आठवडाभर कंपनीची गाडी चालवायचा आणि रविवारी ज्यांच्याकडे गाडी आहे पण चालवणारा नाही अशांकडे जायचा. "दीदी, इतवार की छुट्टी गई समझो. राजेंद्र नगर की मराठी पार्टी है, हातोद जाना है. अंकल का मोतियाबिंद का ऑपरेशन हुआ, और आंटी बोलती हैं लड़का लड़की देखने जाए तो खुद गाड़ी न चलाए, शर्ट मुस जाता है, इस्त्री बिगड़ती है. यशोधन सर को मैं बोला..."

"कौन सर?"

"यशोधन सर. बैंक वाले."

इरावतीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिनं नंबर दाखवायला लावला. नंबर तोच होता. काल रात्रीच त्यानं सांगितलं होतं की रविवारी बँकेत ऑडिट आहे, दिवसभर फोन करू नकोस.

मग तिनं जे मागितलं, ते ऐकून देवेंद्रनं गाडी कडेला घेतली. "दीदी, आप पागल हो गए क्या? मेरी रोजी चली जाएगी!"

"तुम्हारा कुछ नहीं जाएगा. गाड़ी चलाना मुझे आता है. मुझे सिर्फ सुनना है. वो 'ना' बोलता है कि नहीं, बस इतना. 'ना' बोला तो मैं चुपचाप गाड़ी लाके वापस खड़ी कर दूँगी."

देवेंद्रनं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "'कर दूँगा' बोलो दीदी. 'कर दूँगी' बोलोगे तो गेट पे ही पकड़े जाओगे."

त्यानंच शिकवलं तिला. हिंदीत काय नि मराठीत काय, माणूस तोंड उघडून 'मी येते' म्हणाला की बाई, 'येतो' म्हणाला की बुवा. तेव्हा क्रियापदाच्या वाटेला जायचंच नाही. "ड्राइवर का पूरा दिन तीन बात में निकल जाता है," तो म्हणाला. "'जी', 'हो जाएगा' और 'पहुँच गए'. चौथी बात बोलने वाला ड्राइवर किसी को पसंद नहीं आता."

शनिवारी दुपारी ती पार्लरमध्ये जाऊन बसली. कमरेपर्यंतचे केस होते. यशोधनला तिच्यातलं सर्वांत काय आवडायचं, तर ते केस. बॉयकट म्हटल्यावर पार्लरवालीनं दोनदा विचारलं, आणि पहिली कात्री चालली तेव्हा कापणारीच जास्त दचकली. सगळं झाल्यावर इरावतीनं आरशात बघितलं आणि तीही हबकली. समोर तिच्या बाबांचा कॉलेजातला फोटो बसला होता.

रविवारी सकाळी नऊ वाजता ती राजेंद्र नगरात बंगलीच्या फाटकाशी उभी राहिली. देवेंद्रचा ढगळ शर्ट, टोपी, तोंडाला मास्क, चष्म्याऐवजी लेन्स. 'मेरा भाई शाम आएगा, धूल की एलर्जी है, गला बैठा है, बोलता कम है' असं देवेंद्रनं आधीच कळवून ठेवलं होतं. पोर्चमधून यशोधन आला. इस्त्रीचा आकाशी शर्ट, तिनंच वाढदिवसाला दिलेला. त्यानं गाडीची किल्ली तिच्या हातावर ठेवली. त्याची बोटं तिच्या तळव्याला लागली.

"भिया, पहले एसी चालू कर दे. मम्मी को गर्मी सहन नहीं होती."

आणि तो वळून निघूनसुद्धा गेला.

ओळखलं नाही. तीन वर्षं जो माणूस म्हणत होता, तुला हजारात डोळे मिटून ओळखेन, त्यानं दोन फुटांवरून डोळे उघडे ठेवून ओळखलं नाही. सुटले, म्हणून तिनं श्वास सोडला. आणि सोडता सोडता तिला कळलं की आपल्याला वाईट वाटलंय. ड्रायव्हरकडे कोणी बघतच नाही, बघतात ते त्याच्या पलीकडच्या काचेतून.

मागं वसुंधराबाई आणि शरच्चंद्रराव बसले, पुढं तिच्या शेजारी यशोधन. वसुंधराबाई साठीच्या, ठसठशीत, अंगावर जांभळी साडी, मांडीवर पेढ्यांचा खोका. इरावतीनं आरशातून त्यांना पहिल्यांदाच बघितलं. हीच ती. हिच्यापायी आपली तीन वर्षं गेली. मनातल्या मनात तिनं या बाईला काय काय नावं ठेवली नव्हती!

"भैयाजी," वसुंधराबाईंनी पुढं झुकून विचारलं, "मराठी समझते हो क्या?"

इरावतीनं मान हलवली. नाही.

"बरं झालं बाई," त्या मागं टेकल्या. "तो देवेंद्र म्हणजे एकदम तेज कानांचा. आता मोकळं बोलता तरी येईल."

"तरी हळू बोल," शरच्चंद्रराव म्हणाले.

"कशाला हळू? त्याला काय समजतंय!"

विमानतळाच्या बाजूनं गाडी गांधीनगरकडे लागली. पुढं ट्रक अडकल्यामुळं थांबावं लागलं, तेव्हा यशोधननं खिशातून मोबाइल काढला आणि काहीतरी टाइप करायला लागला. इरावतीनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. वर नाव होतं: गॅस एजन्सी. त्यानं बोट दाबलं, आणि त्याच क्षणी तिच्या शर्टाच्या खिशातला फोन थरथरला.

तिला आधी उमगलंच नाही. मग त्यानं दुसरा मेसेज पाठवला, आणि तिचा खिसा दुसऱ्यांदा थरथरला.

गॅस एजन्सी म्हणजे आपण! सोनू नाही, राणी नाही, निदान नुसतं इरावती तरी. कोणी चुकून फोन हातात घेतला तर शंका येऊ नये म्हणून या माणसानं आपल्याला सिलिंडरवाला करून ठेवलंय. तिला हसू फुटेल की रडू, याचा नेम राहिला नव्हता. पुढचा ट्रक हलला म्हणून तिनं गिअर टाकला.

"यशू, एक सांगते," मागून वसुंधराबाई म्हणाल्या. "तिथं त्या सातारवालीचा विषय निघायला नको हां."

इरावतीनं आरशात बघितलं. यांना माहीत आहे?

"कशाला निघेल?" यशोधन म्हणाला.

"मला तर अजून पटत नाही," शरच्चंद्ररावांनी घसा खाकरला. "एकदा आपण तिला भेटायला पाहिजे होतं. मुलगी काय बुरी होती?"

"मी कुठं बुरी म्हणते? मी तर फोटो बघून खूश झाली होती. काय ते केस, कसं हसरं तोंड! आणि आई नाही म्हणे बिचारीला. मी महेश्वरी साडी आणून ठेवली होती तिच्यासाठी, मोरपंखी. दोन वर्षं झाली, तशीच पडलीय कपाटात. पण तिनंच नाही म्हटलं, तर आपण काय करणार? 'सासू-सासऱ्यांबरोबर राहणार नाही, आणि इंदुरात तर बिलकुल नाही,' असं साफ सांगितलं म्हणे. काय रे यशू?"

"हो ना आई," यशोधन आपल्या त्या मऊ आवाजात म्हणाला. "मी किती समजावलं तिला. जाऊ दे ना आता, मला त्रास होतो."

इरावतीच्या कानांत नुसता सूं आवाज भरला. रस्ता समोर होता, दिसत नव्हता. कांद्याच्या गोण्या भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली शेतातून डांबरीवर चढत होती, तीही दिसली नाही. दिसली तेव्हा हातभर अंतर उरलं होतं. तिनं जीव खाऊन ब्रेक दाबला. पेढ्यांचा खोका पुढच्या सीटवर आदळला.

"अबे, अंधा है क्या?" यशोधन ओरडला. "आँखें खोल के चला ना!"

तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. तीन वर्षांत एकदाही नाही. मऊ बोलणं हे त्याचं ग्राहकांसाठीचं बोलणं होतं, हे तिला त्या ट्रॉलीच्या मागं उभ्या गाडीत कळलं.

"ओरडू नको रे," वसुंधराबाई म्हणाल्या. "आराम से भैयाजी, कोई जल्दी नहीं है. पानी पियोगे?" आणि त्यांनी स्वतःची बाटली पुढं केली. इरावतीनं मानेनंच नको म्हटलं.

गाडी निघाली. वसुंधराबाईंचं बोलणं एकदा सुरू झालं की चाकांसारखं चालूच राहायचं. "संक्रांतीला मी गुळपोळ्या पाठवल्या होत्या तिला यशूबरोबर. म्हटलं, आई नाही, कोण करून घालणार? तर म्हणाली म्हणे, तूप फार होतं. मला लागलंच ते जरा. माझ्या गुळपोळीला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं."

ती संक्रांत! यशोधननं स्टीलचा डबा आणून दिला होता आणि म्हणाला होता, ऑफिसातल्या मावशी विकतात, त्यांच्याकडून घेतल्या. पहिला घास खाल्ला आणि इरावतीला रडू आलं होतं. तिनं त्याला बजावून सांगितलं होतं, त्या मावशींना सांग, माझी आई गेल्यापासून अशी गुळपोळी मला मिळाली नव्हती. तो निरोप घेऊन हा इसम घरी गेला आणि आईला म्हणाला, तूप फार होतं.

संताप यायला हवा होता, पण संतापाच्याही आधी माणूस सुन्न होतो. वाड्यावरच्या कारस्थानी म्हाताऱ्या असतात तशी एक सासू तिनं तीन वर्षं डोळ्यांसमोर उभी केली होती, आणि ती सासू मागं बसून मोरपंखी साडीची हळहळ करत होती. दोघींच्या मधे हा एकच माणूस उभा, दोन्हीकडे दोन तोंडं करून. पण का? आई तयार होती, बाप तयार होता, मुलगी तयार होती. मग याला नको काय होतं?

तेही त्यानं स्वतःच सांगून टाकलं. ड्रायव्हरला कुठं मराठी समजत होतं!

"आई, खरं सांगू? झालं ते बरंच झालं. प्रायव्हेट नोकरीचं काय, आज आहे, उद्या नाही. अनुष्काची परमनंट सरकारी आहे, कॉलेजात. थांबलो म्हणून तर असं स्थळ आलं ना."

थोडं थांब. म्हणजे हे. आई तयार होईपर्यंत नव्हे. आणखी बरं काही हाती लागेपर्यंत. दोन्ही डगरींवर हात ठेवून हा निवांत बसला होता आणि इरावती एका डगरीवर तीन वर्षं उभी होती. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तिची तर ताशी पन्नासच्या वेगानं सरकत होती.

"पहुँच गए," हातोदच्या त्या घरापुढं गाडी उभी करून ती कशीबशी म्हणाली. आवाज खरोखरच बसला होता.

अनुष्काचे वडील तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक. घराला पुढं ओटा, ओट्यावर बैठकीची खिडकी उघडी. मंडळी आत गेली आणि ड्रायव्हरसाठी ओट्यावर पोह्यांची बशी आली, वर सेव आणि जिरावनाचा मसाला भुरभुरलेला. मास्क काढावा लागेल म्हणून तिनं ती तशीच ठेवली. फोन काढून मेसेज वाचले. पहिला: 'ऑडिटमध्ये अडकलोय गं.' दुसरा: 'आई आज जरा नरम वाटतेय. थोडं थांब.'

एवढं कळल्यावर दुसरी कोणी किल्ली तिथंच टाकून चालू लागली असती. पण आशा मोठी चिवट असते, आणि बाईमाणसाची तर विचारूच नका. त्यानं शपथ घेतली होती. कदाचित आयत्या वेळी जीभ अडखळेल. कदाचित म्हणेल. प्रेम तर ट्रॉलीखाली गेलंच होतं; तिला फक्त तो एक शब्द ऐकायचा होता, म्हणजे तीन वर्षं अगदीच वेड्यासारखी गेली नाहीत असं स्वतःला सांगता आलं असतं.

आत चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग अनुष्काचा आवाज आला. स्वच्छ, वर्गात शिकवायची सवय असलेला.

"मला एकच विचारायचंय. तुमचं आधी कुठं काही होतं का? असेल तर असू दे, पण मला माहीत असलेलं बरं."

ओट्यावर इरावती खिडकीकडे सरकली.

"नाही," यशोधन म्हणाला. "कधीच नाही."

बघा, म्हणाला की नाही! जो शब्द ऐकायला ती केस कापून, मिशीशिवायचा पुरुष होऊन पंचवीस किलोमीटर आली होती, तो शब्द तिनं ऐकला. न अडखळता, तोंडावर म्हणाला. फक्त ज्या प्रश्नाला म्हणायचा होता त्याला नव्हे, भलत्याच प्रश्नाला म्हणाला.

आत खुर्च्या सरकल्या, हसण्याचे आवाज आले, कोणीतरी 'अभिनंदन' म्हणालं. मंडळी ओट्यावर आली. वसुंधराबाईंचा चेहरा आनंदानं फुलला होता. खोका उघडून त्या सगळ्यांत आधी ड्रायव्हरकडेच आल्या.

"लो भैयाजी, मुँह मीठा करो. हमारे बेटे का रिश्ता पक्का हुआ."

पेढा पुढं आला. इरावतीनं मास्क खाली ओढला, टोपी काढली आणि म्हणाली, "काकू, मला पेढा नको."

वसुंधराबाई दचकल्या त्या वेगळ्याच कारणानं. "अगं बाई! याला तर मराठी येतं!" आणि गाडीत आपण काय काय बोललो ते आठवून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"तुमच्या गुळपोळीत तूप जास्त नव्हतं. आई गेल्यापासून तशी गुळपोळी मला मिळाली नव्हती, असा निरोप दिला होता मी."

"कोण... कोण तू?"

"मी नाही म्हटलं नव्हतं काकू. मला कोणी विचारलंच नाही. मी तीन वर्षं थांबले होते."

थांबले. त्या शेवटच्या 'ले'वर ओट्यावरची सगळी माणसं जागच्या जागी उभी राहिली. मुख्याध्यापक, शरच्चंद्रराव, दारात अनुष्का. वसुंधराबाईंच्या हातातला पेढा तसाच अधांतरी राहिला. त्या कापलेल्या केसांकडे, त्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, आणि फोटोतली मुलगी त्यांना हळूहळू दिसायला लागली.

यशोधन पांढराफटक पडला होता. पण बँकेतला माणूस, सावरला. आणि सावरला तो हिंदीत.

"कौन है ये? देवेंद्र ने किसको भेज दिया? आई, मी हिला ओळखत नाही."

इरावतीला वाटलं होतं, आता आणखी धक्का बसायला जागा उरली नाही. होती. तिनं फोन काढला आणि नंबर लावला. यशोधनच्या हातातला मोबाइल वाजायला लागला. त्यानं तो पाठीमागं लपवला, आणि पाठीमागं अनुष्का उभी होती. तिनं वाकून नाव वाचलं.

"गॅस एजन्सी," ती म्हणाली. "उचला ना. सिलिंडर संपला असेल."

"पण आपल्याकडे तर पाइपचा गॅस आहे ना रे," वसुंधराबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. फोन वाजत राहिला. मग इरावतीनंच तो बंद केला.

"आई, ऐक ना," यशोधन पुढं झाला. आवाज पुन्हा मऊ झाला होता. "मी सगळं सांगतो. तू थोडं थांब."

ते दोन शब्द दुसऱ्या कोणाला म्हटलेले इरावतीनं पहिल्यांदाच ऐकले. तिनं किल्ली ओट्याच्या कठड्यावर ठेवली, पोह्यांची बशी उचलून अनुष्काच्या हातात दिली, आणि बस कुठून सुटते ते विचारलं. अनुष्कानं हातानं रस्ता दाखवला. मग ती सावकाश म्हणाली, "तुम्ही आलात, बरं झालं." आणि बशी घेऊन आत गेली.

इरावती चालायला लागली. ऊन डोक्यावर आलं होतं आणि मानेवर केस नसल्यामुळं ते सरळ कातडीला लागत होतं. मागं ओट्यावर काहीतरी बोलणं चाललं होतं. शरच्चंद्ररावांचा आवाज आला, आयुष्यात पहिल्यांदा चढवल्यासारखा: "तू जा. याच्याकडं मी बघतो." आणि मग चपलांचा फटफट आवाज, धापा टाकत, जवळ जवळ येणारा.

"अगं, थां..." वसुंधराबाईंनी जीभ चावली. पदर सावरत त्या तशाच चालत राहिल्या. "नको. थांबू नकोस तू. मीच येते."

बसमध्ये गर्दी नव्हती. दोघी पुढच्या दोन आसनांवर बसल्या. बोलायला सुरुवात कुठून करायची तेच कळत नव्हतं. हातोद मागं पडल्यावर वसुंधराबाईंनी हात वर केला, जरा घुटमळल्या, आणि मग तिच्या मानेवरून, कापलेल्या केसांच्या टोकांवरून तो फिरवला.

"फोटोत कमरेपर्यंत होते," त्या म्हणाल्या.

इतका वेळ कोरडी राहिलेली इरावती तिथं फुटली. देवेंद्रच्या शर्टाची बाही तोंडाशी धरून ती रडली, आणि तिच्या शेजारी दुसरी बाई न रडण्याची शर्थ करत ताठ बसून राहिली. मुलगा तिचा होता. तिला तर अजून घरी जाऊन त्याच्यासमोर ताट वाढायचं होतं.

कंडक्टर आला. त्यानं टोपी, शर्ट, आखूड केस बघितले आणि इरावतीच्या खांद्याला हात लावला.

"ओ भिया, उठो यहाँ से. दिखता नहीं? लेडीज सीट है."

"बैठने दो उसको," वसुंधराबाई म्हणाल्या. "लड़की है."

कंडक्टर चाट पडला. एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघून त्यानं विचारलं, "आपकी बेटी है?"

वसुंधराबाईंनी तोंड उघडलं. बेटी म्हणता येईना. दुसरा एक शब्द होता, तो मोरपंखी साडीच्या घडीत दोन वर्षं ठेवलेला होता, तो आता कधीच म्हणता येणार नव्हता. मराठीत सापडेना, हिंदीत सापडेना. त्यांनी इरावतीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"मेरे साथ है," त्या म्हणाल्या. "दो टिकट दे दो."